पार्श्वभूमी: मिका गाल्वाओ, २०२२ ते २०२४

२०२४ साली ब्राझिलियन जिउ-जित्सू या कुस्तीसारख्या खेळात मिका गाल्वाओने युरोपियन, पॅन, ब्राझिलियन आणि जागतिक या गीमधल्या (गी म्हणजे ज्युदोसारखा जाड पोशाख) चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि ऑगस्टमध्ये लास व्हेगासला एडीसीसी या गीविना होणाऱ्या स्पर्धेचं ७७ किलोचं सुवर्णही घेतलं. एकाच वर्षात ही पाचही विजेतेपदं मिळवणं फारच दुर्मीळ. वय वीस. त्याच्या कौतुकात २०२२ हे वर्ष एकतर गाळलं गेलं, नाहीतर ‘डोपिंग’ एवढं म्हणून उरकलं गेलं. त्या प्रकरणाचे तपशील समोर ठेवल्याशिवाय २०२४ चं नीट मोजमाप होत नाही, म्हणून भर तिथेच.

मिका मनौसचा. ॲमेझॉनच्या काठच्या या शहरात १९१५ च्या अखेरीस जपानी ज्युदोपटूंचा एक चमू आला होता आणि त्यातला एक जण तिथेच शिकवत राहिला, म्हणजे रिओचा बोलबाला व्हायच्या आधीच तिथे या खेळाचं मूळ असलेलं ज्युदो पोचलं होतं. मधली शंभर वर्षं इथे सोडून देऊ. मिकाचा जन्म ऑक्टोबर २००३ चा. लहानपणापासून वडीलच प्रशिक्षक.

२०२१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याला ब्लॅक बेल्ट मिळाला, पण गीमधल्या त्या चार स्पर्धा भरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या लेखी तो कच्चाच होता. तिथे वय वाढदिवसावर नाही, जन्मवर्षावर धरतात आणि ब्लॅक बेल्टसाठी एकोणीस लागतात. २००३ चा मुलगा २०२१ मध्ये अठराचा, २०२२ लागलं की एकोणीसचा. त्यातच करोनामुळे २०२० ची जागतिक स्पर्धा झालीच नव्हती आणि २०२१ ची एडीसीसी वर्षभर पुढे ढकलली होती. त्यामुळे त्याची ब्लॅक बेल्टमधली पहिली जागतिक स्पर्धा आणि पहिली एडीसीसी एकाच वर्षी, साडेतीन महिन्यांच्या अंतराने आल्या.

जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला जागतिक स्पर्धेत तो लाइटवेट गटात जिंकला. ब्लॅक बेल्ट पुरुषांमधला आजवरचा सर्वांत लहान जगज्जेता म्हणून बातम्या झाल्या. ५ जूनला घेतलेल्या त्याच्या नमुन्यात क्लोमिफिन सापडलं.

ही गोळी आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते ती स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरून, मूल राहत नसेल तर देतात ती. पुरुषांमध्ये ती पिट्यूटरी ग्रंथीला चेतवते आणि शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन जास्त बनवू लागतं. म्हणून जागतिक उत्तेजकविरोधी यादीत ती स्पर्धेच्या काळात आणि एरवीही बंद आहे. मात्र यादीत ती ‘निर्दिष्ट पदार्थ’ या वर्गात येते. कामगिरी वाढवण्याखेरीज दुसऱ्या कारणानेही एखाद्या खेळाडूच्या पोटात जाण्याची शक्यता जास्त असलेले पदार्थ या वर्गात धरतात, आणि हेतुपुरस्सर घेतल्याचं सिद्ध न झाल्यास मूळ शिक्षा चारऐवजी दोन वर्षांची असते.

मिकाला एकच वर्ष मिळालं. त्याने उपचाराची कागदपत्रं दिली आणि गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली उपचार म्हणून घेतल्याचं अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने मान्य केलं. नडलं ते दुसरंच. अशा औषधासाठी खेळाडूने उपचारापोटी सवलत मागून मंजूर करून घ्यायची असते. ती त्याच्याकडे नव्हती. पदक गेलं, सर्वांत लहान जगज्जेत्याचा मानही गेला.

इथे दोन्ही बाजूंनी सोयीचं तेवढंच सांगतात. चाहते म्हणतात, ‘कागदाची चूक’. पण सवलत हा काही शिक्का मारून घ्यायचा फॉर्म नव्हे. डॉक्टरांची समिती पर्यायी उपचार आहे का, फायदा मिळतो का हे तपासते आणि नकारही देते. टीकाकार विचारतात, अठरा वर्षांच्या मुलाला ही गोळी लागावीच का? प्रश्न गैर नाही, पण बरेच जण उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात, आणि ते उत्तर निकालात कुठेही नाही. शिवाय ही चाचणी जागतिक स्पर्धेत २०१३ पासून होते, तीही मोजक्या विजेत्यांची. २०१६ आणि २०१९ मध्येही एकेका विजेत्याचं पद असंच गेलं. मिकाच्या वाट्याला त्या दोघांपेक्षा जास्त चर्चा आली ती वयामुळे, असं माझं मत.

गुंता इथे संपत नाही. एडीसीसी उत्तेजक चाचणी घेतच नाही आणि महासंघाची शिस्तही तिथे लागू नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लास व्हेगासला ७७ किलोच्या अंतिम फेरीत मिका हरला. समोर कॅलिफोर्नियाचा, त्याच्याहून साडेआठ महिन्यांनीच मोठा खेळाडू होता. त्याने टाच काखेत धरून हील हुक, म्हणजे टाच पिळण्याचा डाव, लावला आणि मिकाला टॅप करून हार मानावी लागली. टाचेपेक्षा गुडघ्यावर उठणारा हा डाव गीमध्ये चालत नाही. विजेता एकोणिसाव्या वर्षी एडीसीसीचा सर्वांत लहान सुवर्णविजेता ठरला, तोही चारही लढतींत प्रतिस्पर्ध्याला हार कबूल करायला लावून. मिकाचं ते रौप्य आजही कायम आहे. त्याच वर्षीचं जूनचं सुवर्ण मात्र नाही.

२०२४ च्या पाचव्या पदाबद्दलही थोडी कुरबुर झाली, आणि तिचा औषधाशी संबंध नव्हता. एडीसीसीच्या त्याच आठवड्याअखेरीस, त्याच शहरात, एका खेळाडूने स्वतःची स्पर्धा उभी केली. एडीसीसीत तेव्हा गटविजेत्याला १०,००० डॉलर मिळत. इथे नुसतं उतरायचे १०,००१ आणि दोन्ही गटांच्या विजेत्यांना प्रत्येकी १० लाख. हा एक जादाचा डॉलर टोमणा होता आणि तो जिथे लागायचा तिथे लागला. २०२२ चा विजेता तिकडे गेला आणि ८० किलोखालच्या गटाचे १० लाख घेऊन आला. मिका एडीसीसीतच उतरला, कारण पाचवं पद तिथेच होतं. अंतिम फेरीत त्याने बेचाळीस वर्षांच्या अनुभवी मल्लाला हरवलं. गट थोडा विरळ झाला होता हे खरं, पण जे आले नाहीत त्यांना हरवायची सोय कुठल्याच नियमात नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पराभवाची परतफेड मात्र त्या ऑगस्टमध्ये राहूनच गेली.