काजूची बोंडं, वानराचं पोट आणि चिंपांझीचं विकर

एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याकडे काजूच्या बागेत शिरलं की आधी वास येतो. बी पिरगळून फेकलेल्या बोंडांचे ढीग उन्हात फसफसत असतात, वर चिलटं घोंगावत असतात. ‘ही बोंडं खाऊन वानरं झिंगतात’ हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. यंदा चांगला अर्धा तास बसून पाहिलं. टोळी बागेतच होती, पण ढिगाकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. सगळी वानरं कडेच्या पिंपळावर कोवळी पालवी ओरबाडत बसली होती.

कारण पोटात आहे. वानराचं जठर गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं. पाला तिथे जंतू आंबवतात आणि त्यातून वानराला ऊर्जा मिळते. अशा पोटात एकदम भरपूर साखर गेली, तर जंतू ती झपाट्याने आंबवतात आणि आम्ल वाढतं. म्हणून शनिवारी घाटात गाडी थांबवून वानरांना केळी आणि बिस्किटं घालण्यात पुण्य नाही, त्यांच्या पोटाला ताप आहे. हे थांबायलाच हवं.

पिकलेल्या फळांवर खरी भिस्त असते ती कपींची. कपी म्हणजे शेपटी नसलेले चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान. आपलं वानर कपी नव्हे, माकडांपैकीच एक. चिंपांझीच्या आहारात सर्वांत मोठा वाटा फळांचा. गोरिलाला पाला चालतो, पण गोड फळ मिळालं तर तोही सोडत नाही.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. फळ पिकतं तसे त्यावरचे यीस्ट साखरेचं इथेनॉल करू लागतात. म्हणजे फळखाऊ प्राण्याच्या पोटात रोज थोडी दारू जाणारच. ती मोडण्याचं पहिलं काम एडीएच-४ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तोंडापासून जठरापर्यंतच्या वाटेवरच करतं. विकर ही अमिनो आम्लांची लांब माळ. या माळेतल्या २९४व्या जागी पूर्वी अॅलनिन होतं, तिथे व्हॅलिन आलं. बदल एका मण्याचा, पण त्यामुळे इथेनॉल मोडण्याची क्षमता सुमारे ४० पट वाढली! जुन्या पूर्वजांची विकरं प्रयोगशाळेत पुन्हा घडवून संशोधकांनी हे मोजलं. हा बदल सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या सामाईक पूर्वजात झाला. झाडावरच राहणाऱ्या ओरांगउटानकडे तो नाही. त्यावरून संशोधकांचा कयास असा, की आपले पूर्वज जमिनीवर जास्त वावरू लागले, पडलेली, आंबलेली फळं त्यांच्या वाट्याला आली आणि ज्यांना ती पचली ते तगले.

युगांडातल्या न्गोगोच्या आणि आयव्हरी कोस्टमधल्या ताईच्या जंगलांत चिंपांझी खातात त्या फळांतलं इथेनॉल मोजून २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रमाण सरासरी ०.३ टक्क्यांच्या आसपास. ऐकायला किरकोळ, पण चिंपांझी दिवसाला साडेचार किलो फळं खातो. गुणाकार केला की जवळपास १४ ग्रॅम इथेनॉल होतं. न्गोगोत यातला मोठा वाटा आपल्या उंबराच्या कुळातल्या एका फळाचा. लगेच ‘चिंपांझी दारुडे’ अशा बातम्या आल्या, त्या चूक आहेत. हे इथेनॉल दिवसभरात थोडंथोडं पोटात जातं, झिंग चढल्याची लक्षणं दिसत नाहीत. ‘दारू नैसर्गिकच आहे’ म्हणून बाटली उघडणाऱ्यांना तर यातून काहीच आधार मिळत नाही.

गिनीतल्या बोसू गावची गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे माडाच्या पोयीला मडकं बांधून माडी काढतात, तशी तिथे राफिया ताडाची काढतात. तिथले चिंपांझी पानं चावून त्यांचा बोळा करतात, तो डब्यात बुडवतात आणि तोंडात पिळतात. संशोधकांनी १७ वर्षांत हे अनेकदा पाहिलं. कधी दोघं एकाच डब्याशी बसून आळीपाळीने बोळा बुडवत होते.