मंगळावरील वेगळे खडक : रोव्हरद्वारे अभ्यास

आसपासच्या खडकांशी रंग, पोत किंवा घटकद्रव्ये यांबाबत न जुळणारे दगड मंगळावर हेरून रोव्हरच्या (तिथे चाकांवर फिरणाऱ्या यंत्रवाहनाच्या) साहाय्याने त्यांची जागीच केलेली तपासणी. असा दगड अंतराळातून पडलेला अशनी असू शकतो, प्राचीन नदीने दुरून वाहून आणलेला असू शकतो किंवा तिथेच घडून नंतर बदललेला असू शकतो. त्यामुळे हा दगड इथलाच की बाहेरचा, याचा छडा आधी लावावा लागतो.

पृथ्वीवरून संदेश मंगळावर पोचायला सुमारे ३ ते २२ मिनिटे लागत असल्याने रोव्हर थेट हाकता येत नाही. आलेली छायाचित्रे पाहून पुढच्या आज्ञांची यादी एकदम पाठवतात. पर्सिव्हरन्स रोव्हर ७ मीटरपर्यंतच्या दगडावर लेसर झोत मारतो आणि उडालेल्या वाफेच्या प्रकाशावरून त्यातली मूलद्रव्ये ओळखतो. दगड मोलाचा वाटला तर रोव्हर जवळ जातो आणि यांत्रिक हाताने सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचा गोल खरवडतो. मंगळावर सगळ्यावर तांबूस धूळ बसलेली असते. खरा रंग या खरवडलेल्या चकतीतच दिसतो.

काही मोठे शोध मात्र चाकांनी लावले आहेत. स्पिरिट रोव्हरचे एक चाक बंद पडले होते. ते फरफटत नेताना २००७ मध्ये मातीखालचा पांढरा थर उघडा पडला. त्यात सुमारे ९० टक्के सिलिका (वाळूतले मुख्य द्रव्य) निघाली. उष्ण झरे किंवा गरम वाफा यांचाच तो परिणाम असावा. ३० मे २०२४ रोजी सुमारे ९०० किलोच्या क्युरिऑसिटी रोव्हरखाली एक दगड फुटला आणि आत शुद्ध गंधकाचे पिवळे स्फटिक दिसले. मंगळावर गंधकाची संयुगे पुष्कळ सापडली होती, शुद्ध गंधक तोवर कधीच नव्हते. त्याआधी २००५ मध्ये ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला, स्वतःच्याच टाकून दिलेल्या उष्णताकवचाजवळ, लोह-निकेलचा अशनी मिळाला. परग्रहावर ओळखला गेलेला हा पहिला अशनी होय.

सर्वांत लक्षवेधी दगड म्हणजे जेझेरो विवराकडे येणाऱ्या जुन्या नदीपात्रात जुलै २०२४ मध्ये आढळलेला ‘चेयावा फॉल्स’. बाणाच्या टोकासारखा, जेमतेम मीटरभर लांब. त्याच्या तांबूस अंगावर बिबट्यासारखे ठिपके आहेत, मध्ये फिकट आणि कडेला काळसर. या ठिपक्यांत व्हिव्हियानाइट हे लोह-फॉस्फेट व ग्रेगाइट हे लोह-सल्फाइड असल्याचे दिसते. दगडात सेंद्रिय कार्बनही आहे. पृथ्वीवर अशी खनिजे अनेकदा चिखलातील सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात, पण जीवसृष्टीशिवायही ती बनू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात संशोधकांनी म्हणूनच ‘जीवसृष्टीची संभाव्य खूण’ एवढेच म्हटले, आणि हा संयम योग्यच आहे. निर्णायक समस्थानिक चाचण्यांना (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे प्रमाण मोजणाऱ्या) लागणारी उपकरणे रोव्हरवर मावत नाहीत. या दगडाचा ‘सफायर कॅनियन’ नावाचा नमुना नळीत बंद करून पर्सिव्हरन्सने आपल्यापाशी ठेवला आहे.