बाटलीचं रॉकेट आणि दिशेचं गणित

दिवाळीच्या रॉकेटची काडी काढून टाका, मग ते शेजाऱ्याच्या पडवीत जाईल की आपल्याच पायांत येईल, सांगता येत नाही. दारू तेवढीच, जोर तेवढाच, फक्त दिशा गेली. मुलांना पाण्या-हवेवर उडणारं बाटलीचं रॉकेट शिकवायचं तर पहिला तास या काडीवरच घालवावा, असं माझं मत आहे. कारण मुलांचं सगळं लक्ष जोराकडे. पंप हातात आला की एकच घोष: "सर, अजून दहा पौंड मारूया की!"

काडीची करामत आपल्या कर्नाटकात जुनी आहे. हैदर अली आणि टिपूच्या फौजेकडची रॉकेटं लोखंडी नळीची असत आणि नळीला लांब बांबू बांधलेला असे. कागदी नळीपेक्षा लोखंडी नळी जास्त दाब सोसते, म्हणून ती दूर जात. बांबूमुळे त्यातल्या त्यात नाकासमोर जात. १७८० साली कांचीपुरमजवळच्या पोलिलूरला इंग्रजांनी त्यांचा मार खाल्ला. २०१८ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या नगर गावी एका जुन्या विहिरीत अशी हजारावर रॉकेटं सापडली.

अमेरिकेत १९५०च्या दशकात पुठ्ठ्याच्या मॉडेल रॉकेटचा छंद सुरू झाला, त्याचं मर्म एवढंच की पोरांनी दारूला हात लावायचा नाही. इंजिन कारखान्यातून तयार येतं आणि एकदा वापरून फेकून द्यायचं. आपल्याकडे अशी इंजिनं सहजी मिळत नाहीत, मग मुलं मोबाईलवर साखरेचं इंधन बनवायचे व्हिडिओ बघतात. निपाणी-चिक्कोडीकडे साखरेला काय तोटा? पण या वाटेला कुणी जाऊ नये. बोटं आणि डोळे जातात, शिवाय स्फोटकांचा कायदा आहेच.

पाणी आणि हवा पुरे होतात. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्यायची. साध्या पाण्याची पातळ बाटली अजिबात नको. एक तृतीयांश पाणी भरायचं, बाटली उलटी करून अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपवर बसवायची, रबरी रिंगने हवा अडवायची आणि सायकलच्या पंपाने साठ पौंडांपर्यंत हवा भरायची. त्यापुढे नाही. बाटली पाइपवर धरून ठेवणारी अडकण सोडायची दोरी लांब हवी आणि मोजणी सुरू झाली की सगळे मागे. आमच्याकडे बेळगावात ही मोजणी कन्नडमध्ये "मूरु, एरडु, ओंदु" अशी होते आणि शेवटी "सोड!" मराठीत.

पुढे जे होतं ते डोळ्यांना नीट दिसतही नाही. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास सुमारे २२ मिलिमीटर. साठ पौंड दाबाला पाणी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतं आणि बाटलीला सुमारे तीस किलो वजनाएवढा रेटा देतं. पाण्यासकट रॉकेट भरतं जेमतेम आठशे ग्रॅम! सगळं पाणी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत संपतं. पाणी जमिनीला ढकलतं म्हणून रॉकेट उडतं, असं बहुतेक मुलांना वाटतं. तसं असतं तर अंतराळात रॉकेट चाललंच नसतं. बाटली पाण्याला खाली ढकलते, पाणी बाटलीला वर.

हा क्षण संपला की उरते दीडशे ग्रॅमची रिकामी बाटली, आणि इथून पुढचं सगळं काम काडीचं, म्हणजे पंखांचं. रॉकेट जिथे तोललं जातं तो त्याचा गुरुत्वमध्य. वाऱ्याचा रेटा जिथे एकवटतो ते दाबकेंद्र. गुरुत्वमध्य नाकाकडे आणि दाबकेंद्र शेपटीकडे असेल, तर रॉकेट जरा तिरकं झालं तरी वारा शेपटीला मागे ढकलून ते सरळ करतो. उलट असेल तर तोच वारा त्याला कोलांट्या खायला लावतो. म्हणून बाटलीच्या तोंडाशी जुन्या फाइलच्या प्लॅस्टिकचे तीन पंख आणि दुसऱ्या टोकाला अर्धा टेनिस बॉल, आत थोडी खानापूरची कुंभारमाती. पंख चिकटपट्टीने लावावेत; गरम ग्लूने बाटली कमकुवत होते.

परीक्षा सोपी आहे. रिकामं रॉकेट तोलाच्या जागी दोरी बांधून डोक्याभोवती फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर पास. नाही राहिलं तर माती वाढवा किंवा पंख मोठे करा, दोन्ही एकदम नको. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

बाटलीची तपासणीही करावी, आणि ती काठोकाठ पाणी भरून मग पंपाने दाब देऊन. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बाटली फुटली तरी धडाका होत नाही. उद्यमबागेच्या कारखान्यांत हायड्रॉलिकचं, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचं, काम करणाऱ्यांच्या पोरांना हे सांगावं लागत नाही.

जागा म्हणाल तर भाताची सुगी झाल्यावरचं येळ्ळूरकडचं शिवार उत्तम. सांबऱ्याच्या बाजूला विमानतळ आहे, तिकडे नको. पावसाळ्यातला पश्चिमेचा वाराही नको, कारण पंख असलेलं रॉकेट वाऱ्याकडेच तोंड वळवतं.

उंची मोजायला कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि एक नट. पन्नास मीटरवर उभं राहून रॉकेटच्या सर्वांत वरच्या जागेचा जमिनीपासूनचा कोन ४० अंश आला, तर उंची सुमारे ४२ मीटर (५० गुणिले टॅन ४०). त्यात मोजणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवायची. रॉकेट थोडं झुकतंच, म्हणून मोजणारी दोन मुलं समोरासमोर उभी करून दोन्ही उंचींची सरासरी घ्यावी. मग दाब तोच ठेवून पाणी पाव, तिसरा हिस्सा, अर्धं, पाऊण असं बदलत जायचं. पाऊण बाटलीला रॉकेट फसकन बसतं, कारण ढकलायला हवाच उरलेली नसते.