लिंबाची पाने पिवळी पडली, आता युरिया टाकायचा का?

अंगणातल्या लिंबाची पाने पिवळी पडली की हात आधी युरियाच्या पिशवीकडे जातो. त्याआधी पाने नीट पाहा. खालची, जुनी पाने पिवळी असतील तर नत्र, म्हणजे युरियातून मिळणारा नायट्रोजन, कमी पडत असेल. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले तर बहुधा लोह कमी पडतेय. तिथे युरिया कामाचा नाही.

गंमत म्हणजे आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर असते. ती ज्या बेसॉल्टपासून बनली, तो खडकच लोहयुक्त. अडचण चुनखडीची. अशा मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) बऱ्याचदा आठच्या आसपास असतो, आणि सामू एकाने चढला की विरघळलेले फेरिक रूपातले लोह सुमारे हजारपटीने घटते. त्यात डीएपी या स्फुरदयुक्त खताचा मारा केला, तर जादा स्फुरदामुळे (फॉस्फरसमुळे) झाडाला लोह आणि जस्त मिळणे आणखी अवघड होते. कोकणातल्या जांभ्या मातीचे दुखणे वेगळे. ती आम्लधर्मी, तिथले लोह आणि ॲल्युमिनियम टाकलेला स्फुरदच धरून ठेवतात. सोलापूरच्या मामाचे खतांचे वेळापत्रक रत्नागिरीत चालवू नये ते यासाठी.

चुनखडीचा अंदाज घरीही येतो. चमचाभर सुक्या मातीवर पांढरे व्हिनेगर ओता. फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी आहे. तो कार्बन डायऑक्साइड असतो. बुडबुडे आले नाहीत म्हणून चुनखडी नाहीच, असे मात्र नव्हे. व्हिनेगर फार सौम्य.

नेमके आकडे प्रयोगशाळेतच मिळतात. वरचा पालापाचोळा बाजूला करून बागेत पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे, 15 ते 20 सेंमी खोल खड्डे घ्या आणि त्यांच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. शेणखताच्या ढिगाजवळची किंवा नुकतेच खत टाकलेल्या जागेतली माती नको. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर गंजकी खुरपीही नको. गंज नमुन्यात उतरतो. सगळी माती मिसळून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा.

अहवालात आधी सामू, विद्युत वाहकता (म्हणजे क्षार किती ते) आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन) पाहा. कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली असेल तर आधी कंपोस्ट. सामू आठच्या पुढे आणि झाडाला मिळण्याजोगे लोह कमी निघाले, तर हिराकस (फेरस सल्फेट) नुसते मातीत टाकून फारसा उपयोग नाही, तेही अडकते. त्याची पानांवर फवारणी करा किंवा चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह, द्या. चिलेटेडमध्येही ईडीटीए प्रकारचे लोह अशा मातीत टिकत नाही. दुकानात ईडीडीएचए प्रकारचे मागा. महाग आहे, पण लागू पडते.