शिश्नाची अग्रत्वचा

शिश्नाच्या टोकाच्या मण्याला झाकणारी दुहेरी घडीची सैल कातडी म्हणजे अग्रत्वचा. बाहेरचा पदर नेहमीच्या त्वचेसारखा, आतला ओठाच्या आतल्या बाजूसारखा ओलसर आणि नाजूक. खालच्या अंगाला एक पातळ पट्टी (फ्रेनुलम) तिला मण्याशी जोडून ठेवते. ही कातडी मागे न सरकण्याला डॉक्टर फायमोसिस म्हणतात. लहान मुलात तो बहुधा आजार नसतो. मोठेपणी मात्र, इतकी वर्षे बिनतक्रार सरकणारी कातडी अडू लागली, तर त्यामागे बहुधा काहीतरी कारण असते. या दोन गोष्टी एकच समजल्या गेल्यामुळे मुलांवर नको ते उपचार होतात आणि बापांवर हवे ते होत नाहीत.

जन्मतः आतला पदर मण्याला चिकटलेलाच असतो. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९४९ मध्ये नोंदवले की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांत कातडी पूर्ण मागे जाते. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांची सुटते, हा त्याचा अंदाज मात्र घाईचा ठरला. याकोब ओस्टर याने १९६८ मध्ये डॅनिश शाळकरी मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी ६३ टक्क्यांत कातडी कुठे ना कुठे चिकटलेली होती. सोळा-सतराव्या वर्षी हे प्रमाण ३ टक्क्यांवर आले. मधल्या काळात कुणी काही केले नव्हते. वय वाढले, एवढेच.

आपल्याकडे मात्र ‘काहीतरी’ केले जाते, आणि ते न्हाणीघरात. बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय पसरून बसते, बाळ पायांवर आडवे घेते, कोमट खोबरेलाने हातपाय चोळते आणि त्याच ओघात शूच्या जागेची कातडीही बोटांनी मागे ओढते. ‘नाहीतर पुढे ऑपरेशन करावे लागते’ म्हणून. घडते उलटेच. ओढल्याने कडेला बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रणाची ताठ कडी तयार होते आणि नसलेला फायमोसिस खरोखरच ओढवतो. बाईची मालिश उत्तम असेल, पण हा एक भाग तिला गोडीने बंद करायला सांगावा.

आईवडील आणखी दोन गोष्टींनी हमखास घाबरतात. एक, कातडीखाली दिसणारे तांदळाच्या कणीएवढे पांढरे गोळे. तो पू नव्हे. झडलेल्या पेशी साठून झालेला तो मळ आहे, आणि कातडी सुटत गेली की आपोआप बाहेर पडतो. दुसरी, लघवी करताना कातडीचा होणारा फुगा. धार नीट लागत असेल आणि मूल रडत-कुंथत नसेल, तर फुग्याची काळजी नको. लघवी थेंबथेंब होत असेल, तापासह मूत्रसंसर्ग झाला असेल, टोक वारंवार लाल होऊन सुजत असेल, किंवा टोकाशी पांढुरकी कडक कडी दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. पुढे बालशल्यचिकित्सक किंवा मूत्रविकारतज्ज्ञ (युरॉलॉजिस्ट) पाहील.

स्वच्छतेला फार सोपस्कार लागत नाहीत. कातडी आपसूक सरकू लागली की अंघोळीत जेवढी सहज जाते तेवढीच मागे घ्यावी, कोमट पाण्याने धुवावे, टिपून कोरडे करावे आणि पुन्हा पुढे आणावी. जंतुनाशक द्रावणांनी तिथली नाजूक त्वचा आणखी चिडते.

पुढे आणणे विसरले, तर कातडी मण्यामागे अडकून बसू शकते. मणी सुजतो, सुजेमुळे कडी अधिक आवळते. हा पॅराफायमोसिस, सुश्रुतसंहितेतील ‘परिवर्तिका’ हीच. सुश्रुताने सांगितलेला उपायही ओळखीचा वाटतो: तूप लावून शेकावे, मग मणी दाबत कातडी हळूहळू पुढे आणावी. आज तूप आणि शेक गेले, जागा बधिर करून सूज दाबून काढतात, पण हातांची हालचाल तीच. घरी खटाटोप करण्यात वेळ न घालवता तासाभरात इस्पितळ गाठावे, कारण रक्तपुरवठा तुटू शकतो. लघवीची नळी घातलेल्या वयस्कर रुग्णात हे अनेकदा घडते: नळी घालणाऱ्याने कातडी मागे घेतलेली असते आणि ती पुढे आणायची राहून गेलेली असते. घरच्यांनी अंग पुसताना तेवढे पाहावे.

प्रौढांच्या तक्रारींत पहिला संशय साखरेवर घ्यावा. पन्नाशीच्या माणसाच्या कातडीच्या कडेला उभ्या बारीक चिरा पडल्या, खाज सुटली, आत दह्यासारखा पांढरा थर आला, तर ती बहुधा कँडिडा बुरशी असते. मधुमेहाचा पत्ता कधीकधी इथूनच लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहावरची औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळेही ही बुरशी बळावते. गोळ्या परस्पर बंद करू नयेत, पण त्या चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारे ‘तिहेरी’ मलम (स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र) दोन दिवस खाज थांबवते आणि मूळ आजार झाकून ठेवते.

कातडी पांढरट, चिवट, कागदासारखी होत आवळू लागली तर लायकेन स्क्लेरोसस हा आजार असू शकतो. तो मूत्रमार्गाचे तोंडही अरुंद करतो, म्हणून मूत्रविकारतज्ज्ञाकडेच जावे. न भरणारी जखम, गाठ, रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर एक आठवडाही थांबू नये. शिश्नाचा कर्करोग विरळा आहे, पण मागे न सरकणाऱ्या कातडीखाली तो लपून वाढतो, आणि तंबाखू त्याचा धोका वाढवते. लाजेपोटी रुग्ण आधी भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींचा पत्ता शोधतो आणि त्यात महिने जातात. संबंधाच्या वेळी फ्रेनुलम फाटून रक्त येणे दिसायला भयंकर असले तरी दाबून धरल्यावर सहसा थांबते. वारंवार होत असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने पट्टी सैल करता येते.

साध्या फायमोसिसवर पहिला उपाय कात्रीचा नाही. आवळलेल्या कडीवर बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने चार ते आठ आठवडे लावल्यावर बऱ्याच मुलांची कातडी सैल होते. उपयोग झाला नाही, व्रण असेल किंवा लायकेन स्क्लेरोसस असेल, तर सुंता करतात. मुसलमानांत आणि कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजात सुंता हा धर्मविधी आहे. बेने इस्राएल तो आठव्या दिवशी करतात. विधी असो वा उपचार, दोन गोष्टी आधी पाहाव्यात. घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार आहे का, आणि मूत्रमार्गाचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला तर नाही ना? तसे असेल तर सुंता करू नये, कारण छिद्र दुरुस्त करताना शल्यचिकित्सकाला हीच कातडी लागते. प्रौढाच्या सुंतेत काढलेला तुकडा, विशेषतः कातडी पांढरी पडलेली किंवा जखमी असेल तर, पॅथॉलॉजी तपासणीला पाठवला का, हे विचारून घ्यावे.