पांढऱ्या बैलाचा केस

पोळ्याच्या सकाळी तेलाचा हात मारून आणलेला बैल तोरणाखाली लगेच ओळखू येतो. आला तेव्हा चकाकत असतो, पण तासा-दोन तासांत अंगावर धूळ बसते आणि पाठीवरचे केस जुड्या-जुड्यांनी चिकटतात. शेजारचा बिनतेलाचा बैल तसाच तुकतुकीत उभा असतो. त्याच्या मालकाने ज्येष्ठाच्या अखेरीपासून खरारा हातात धरलेला असतो, एवढाच फरक.

केसाचं बाहेरचं आवरण कवेलूंच्या छपरासारखं असतं. एकावर एक चढलेले बारीक खवले, सगळ्यांची तोंडं टोकाकडे. खवले सपाट बसलेले असले की उजेड एका दिशेने परततो आणि केस चमकतो. उचकटले की उजेड विखुरतो आणि धुतलेला बैलही मळकट दिसतो. गुराच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तेलाची ग्रंथी, एक घामाची ग्रंथी आणि केस उभा करणारा लहानसा स्नायू असतो. ग्रंथीतलं तेल टोकापर्यंत पसरवायचं, हे खराऱ्याचं खरं काम. कपड्याच्या पावडरीने धुतलं की हे तेल निघून जातं, खवले उघडतात, कातडी कोरडी पडून कोंडा होतो. मग वरून कितीही तेल चोपडा.

रोजचं काम वीस मिनिटांचं. डवरणीहून, म्हणजे पिकाच्या ओळींतल्या कोळपणीहून, आलेल्या बैलाच्या पायांची काळी माती ओली असताना घासू नये, ती केसात आणखी शिरते. वाळू द्यावी, वाळताना ती आकसते, तडकते आणि हाताने झडते. आधी रबरी खरारा गोल फिरवून मेलेले केस आणि कोंडा वर आणायचा, मग काथ्याच्या ब्रशने केसाच्या दिशेने लांब हात, शेवटी कोरडं बारदान. लोखंडी खरारा हाडावर, म्हणजे गुडघे, माकडहाड आणि तोंडावर चालवू नये. आंघोळ आठवड्यातून एकदा पुरे: दहा लिटरच्या बादलीत सौम्य शाम्पूचे दोन चमचे, पाणी खुरांकडून वर, कान हाताने मिटून. फेस पूर्ण निघेपर्यंत धुवा. राहिलेला साबण दुसऱ्या दिवशी पांढुरक्या पापुद्र्यासारखा दिसतो आणि बैल तिथेच खांबाला अंग घासतो.

अमेरिकेतल्या प्रदर्शनांत अँगससारख्या लांब केसांच्या गुरांना ‘वळण’ लावतात. रोज गार पाण्याने भिजवायचं, केस पुढे-वर विंचरायचे आणि ब्लोअरने त्याच स्थितीत वाळवायचे, म्हणजे जनावर भरदार दिसतं. यामागे केराटिन आहे. केसातल्या या प्रथिनाच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी ते बंध सोडवतं; वाळताना केस ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत ते पुन्हा जुळतात. हवेतल्या दमटपणानेही ते ढिले होतात, म्हणून श्रावणात असलं वळण टिकणार नाही. आणि गवळाऊला ते कशाला हवं? आखूड, अंगालगतचा केस हीच या वर्धा-नागपूरकडच्या जातीची शोभा. पांढरा केस ऊन परतवतो, खालची काळी कातडी अतिनील किरणं अडवते. इथे वळण लावायचं ते केस सपाट बसवण्याचं: आंघोळीनंतर तळहाताच्या कडेने पाणी निपटायचं, ओल्यातच ब्रश मागे-खाली फिरवायचा आणि सावलीत वाळवायचं. पहाटेच्या थंडीत धुतलं की तो बारीक स्नायू आखडतो आणि केस उभे राहूनच वाळतात.

भोवरा मात्र कोणत्याही ब्रशने हलत नाही. केसाच्या मुळाचा कल वासरू गर्भात असतानाच ठरतो. भोवरा पाहून बैलाचा स्वभाव सांगणाऱ्यांना हसायचं कारण नाही: जनावरांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1995 मध्ये आढळलं की डोळ्यांच्या वर भोवरा असलेली गुरं जखडल्यावर जास्त बिथरतात. भोवऱ्यावरून मालकाचं नशीब सांगणं ही वेगळी गोष्ट.

पांढऱ्या बैलाचा खरा वैरी डाग. मागच्या मांड्यांवरचं शेण त्याच संध्याकाळी धुवावं. रात्रभर राहिलं की पिवळी झाक बसते. त्यावर नीळ घालण्याची रीत शास्त्राला धरून आहे, निळी छटा पिवळेपणा खोडते आणि डोळ्याला पांढरं वाटतं. पण बादलीभर पाण्यात तीन-चारच थेंब, तेही नीट ढवळून, अख्ख्या अंगावर. नीळ थेट हातावर घेऊन चोळली की पाठीवर निळे ढग उमटतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे चोळतात, त्या खांदमळणीची हळदही जपून लावा. लोण्यात कालवलेली हळद जुवाने घासलेल्या उघड्या कातडीपुरतीच ठेवा. आजूबाजूच्या केसांत गेली आणि सकाळी साबण लावला, तर क्षारामुळे ती लाल होते आणि खांद्याला रक्त आल्यासारखं दिसतं. घाबरू नका, साध्या पाण्याने ती लाली पुन्हा पिवळी होते आणि उरलेला रंग उन्हाने विटतो.

आतून काय जातं यावर निम्मं काम अवलंबून आहे. नुसत्या कुटारावरच्या, म्हणजे कोरड्या भुशावरच्या, बैलाचा केस राठ राहतो. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. तांबं कमी पडलं की रंगद्रव्य नीट बनत नाही, हे काळ्या म्हशीच्या तांबूस पडलेल्या केसांत लवकर कळतं. सोबत 100 ग्रॅम जवस, पण दहा मिनिटं खळखळ उकळून. कोमट पाण्यात भिजत घातलेल्या कच्च्या जवसात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं, ते विषारी आहे.

डोळ्याभोवती किंवा मानेवर करड्या खपल्यांचे गोल चट्टे दिसले तर तो गजकर्ण. खरारा लगेच वेगळा करा, कारण बुरशीचे बीजाणू त्यात महिनोन्महिने जगतात आणि माणसालाही लागण होते. पशुवैद्याला दाखवा. जळकं ऑइल चोपडू नका.

शेपटीचा गोंडा टोकाकडून सुरुवात करून थोडा थोडा वर विंचरावा. गुंता वरून ओढला की केस तुटतात आणि गोंडा झुपकेदार राहत नाही. शोभेसाठी तो कातरूही नये. पोळ्यानंतर पाऊस आणि माशा दोन्ही असतात, आणि बैलाला स्वतःच्या पाठीपर्यंत पोचायला तेवढंच एक साधन आहे.