लेझरच्या झोतातून स्फटिक: शोध आधी, कारण नंतर

अतिसंपृक्त द्रावणात पदार्थ एरवी मावेल त्याहून जास्त विरघळलेला असतो. त्याचे स्फटिक व्हायला हवेत, पण सुरुवात होत नाही. रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८९७ मध्ये अशा द्रावणांच्या दोन अवस्था वेगळ्या केल्या: एकीत स्फटिक आपोआप धरतात, दुसरीत बाहेरून बीज टाकेपर्यंत काही घडत नाही. पुढे १९२६ मध्ये फोल्मर आणि वेबर यांनी याचा हिशेब मांडला. रेणूंचा पुंजका लहान असेपर्यंत त्याला पृष्ठभागाची ऊर्जा भारी पडते आणि तो पुन्हा विरघळतो. ठरावीक आकार ओलांडला तरच वाढतो.

हा उंबरठा प्रकाशाने ओलांडता येईल, हे १९९६ मध्ये ब्रुकलिनमध्ये गॅरेट्झ, मायरसन आणि सहकाऱ्यांना अनपेक्षितपणे दिसले. युरियाचे अतिसंपृक्त द्रावण, त्यावर १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त लेझरचे नॅनोसेकंदांचे (सेकंदाच्या अब्जांशांचे) स्पंद, म्हणजे क्षणिक झोत. द्रावण हा प्रकाश जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे रासायनिक क्रियेचा प्रश्नच नव्हता. तरीही नळीत सुईसारखे स्फटिक आले, आणि सुरुवातीची सुई बहुधा प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राच्या दिशेला समांतर होती! म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की हे क्षेत्र पुंजक्यातल्या रेणूंना एका दिशेने रांगेत आणते.

कल्पना देखणी होती. २००२ मध्ये तिला ग्लायसिन या अमिनो आम्लाचा आधार मिळाला. त्याचे स्फटिक वेगवेगळ्या रचनांचे, म्हणजे रूपांचे, असतात. प्रकाशाचे विद्युत क्षेत्र एकाच रेषेत डोलत असले (रेषीय ध्रुवीकरण) तर गॅमा रूप, ते गोल फिरत असले (वर्तुळाकार ध्रुवीकरण) तर अल्फा रूप. औषधनिर्मितीत अशा नियंत्रणाचे मोल मोठे आहे. १९९८ मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाचे कमी विरघळणारे नवे स्फटिकरूप अचानक उपटले आणि त्याच्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या.

जपानमध्ये याच काळात फेमटोसेकंद लेझरने (नॅनोसेकंदाहूनही कितीतरी लहान स्पंदांच्या) प्रथिनांचे स्फटिक मिळवण्याचे काम सुरू झाले. तो मार्ग वेगळा आहे. तिथे तीव्र स्पंदाने द्रावणात बुडबुडा उठतो.

रांगेच्या कल्पनेची अडचण अशी, की या तीव्रतेच्या क्षेत्राचा एकेका रेणूवरचा परिणाम उष्णतेच्या हालचालीपुढे नगण्य ठरतो. २००९ मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या अलेक्झांडर आणि कॅम्प यांनी पोटॅशियम क्लोराइडवर प्रयोग केले. तिथे रांगेत आणण्याजोगे लांबट रेणूच नाहीत, तरीही एका स्पंदात एक स्फटिक मिळवता आला. मला सगळ्यात निर्णायक वाटतो तो एडिनबराच्याच गटाचा २०१६ चा अमोनियम क्लोराइडचा अभ्यास. द्रावण बारीक गाळून घेतले की लेझरचा प्रभाव घटतो. सूक्ष्म कण मुद्दाम मिसळले की वाढतो. म्हणजे प्रकाश शोषणारी बहुधा अशुद्धी असते. ती क्षणात तापते, भोवती वाफेची पोकळी तयार होते आणि तिच्या कडेला द्रावण आणखी संपृक्त होते.

हे मान्य केले, तर ध्रुवीकरणाने स्फटिकाचे रूप कसे बदलेल याला त्यात जागा उरत नाही. ग्लायसिनचा प्रयोग म्हणूनच पुन्हा करून पाहिला गेला, आणि नंतरच्या काही प्रयोगांत ध्रुवीकरणाचा तो परिणाम आढळला नाही.